बी.एस्सी.चा फॉर्म भरण्याआधी



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. मार्क किती आणि पुढे काय? पहिल्याचं उत्तर अख्ख्या नातेवाईकांना पाठ असतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक घरांत एकच, "नीटमध्ये नंबर लागला तर ठीक, नाहीतर बी.एस्सी. करेल." मग कुणीतरी मुलीला घेऊन नेट कॅफेत जातं, तिथला मुलगा विचारतो, "विषय कोणते टाकू?" आणि तीन वर्षांचा निर्णय पाच मिनिटांत होऊन जातो. साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस शोधायलाही आपण याहून जास्त दुकानं फिरतो!

माझं म्हणणं असं की जीवशास्त्राची पदवी घ्यायची असेल तर विषय उलट्या बाजूने निवडावेत. आधी शेवटचं दार पाहायचं, मग तिथपर्यंतची वाट. आणि जुन्या भीतीवर तर मुळीच निवडू नयेत.

जुनी भीती म्हणजे कापाकापी. यंदा माझ्या नणंदेच्या मुलीची बारावी झाली. नणंदेचा पहिलाच फोन, "वहिनी, झूलॉजी नको हं, तिथे बेडूक कापावे लागतात." आपल्या समाजातल्या किती मुली या एका वाक्यावर कॉमर्सला गेल्या असतील! तेव्हाची भीती खोटी नव्हती. प्राणीशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडूक, झुरळ, गांडूळ, उंदीर असायचेच. पण यूजीसीने २०११ मध्ये हे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर, दोन्हीकडे ते बंद केलं. आता मॉडेल, संगणकावरची चित्रं आणि निसर्गात जाऊन निरीक्षण, असं शिकवायचं आहे. म्हणजे जी मुलगी आज बारावी झाली, तिच्या शाळेच्या पहिल्या वर्गापासून हा नियम आहेच, आणि आपण अजून आपल्या काळातलं प्रॅक्टिकल डोक्यात घेऊन बसलोय.

हिंसेचा प्रश्न संपला का? नाही, पण तो दुसरीकडे सरकला. मायक्रोबायोलॉजीत काचेच्या बशीत जीवाणू वाढवतात आणि काम झालं की वाफेच्या दाबाखाली नष्ट करतात. शिवाय ज्या अगारवर ते वाढतात ते अगार समुद्री शैवालाचं असलं, तरी नेहमीच्या न्यूट्रिएंट अगारमध्ये मांसाचा अर्क घातलेला असतो. सोयाबीनपासून केलेली माध्यमंही मिळतात, हे आधी माहीत असेल तर सरांना विचारता येतं. तसंच स्किल कोर्सच्या यादीत बऱ्याच ठिकाणी रेशीम उद्योग किंवा मत्स्यपालन असतं. रेशमाचे कोष उकळतात हे ज्या घरात माहीत आहे आणि त्यासाठी रेशमी वस्त्र टाळलं जातं, तिथल्या मुलीने सहा महिने तेच का शिकावं? त्याच यादीत गांडूळखत, रोपवाटिका, पाणी तपासणी असे विषयही असू शकतात. यादी वाचली तर दिसतात.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात संकल्पी हिंसा आणि आरंभी, उद्योगी हिंसा यांत फरक केलेला आहे, तो आपण पाठशाळेत शिकलो. घर चालवताना, उद्योग करताना जे टळत नाही ते कमी करत राहायचं. प्रयोगशाळेलाही तोच विचार लागू पडतो, असं मला वाटतं. कुणाला नाही पटणार, चालेल. पण "सगळंच पाप आहे" म्हणून दार बंद करणं आणि "कॉलेजात चालतंच" म्हणून डोळे मिटणं, दोन्ही सारखेच आळशी मार्ग आहेत.

आता दारांकडे येते, कारण खरी गफलत तिथे होते. बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक ही सगळी नावं आपल्याला एकाच वाणाची वाटतात. नोकरीच्या जाहिरातीत ती वेगळी असतात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसायचं तर पदवीत वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी निदान एक विषय हवा, किंवा मग शेती, वनशास्त्र, इंजिनिअरिंगची पदवी. या यादीत बायोटेक्नॉलॉजी नाही, मायक्रोबायोलॉजीही नाही. उलट अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, अन्न किंवा दुग्ध तंत्रज्ञान अशी पदवी चालते, पण नुसत्या बॉटनी-झूलॉजीवर ते दार उघडत नाही. रसायनवाल्यांना तिथे एम.एस्सी. लागते. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम हवं असेल तर बी.एस्सी.च्या जोडीला लॅब टेक्नॉलॉजीचा वेगळा कोर्स करावा लागतो, हेही आधीच माहीत असावं.

टिपेश्वरच्या जंगलाच्या ओढीने वनखात्यात जायचं स्वप्न बघणाऱ्या मुलीने "बायोटेकला स्कोप आहे" हे ऐकून फॉर्म भरला, तर तीन वर्षांनी तिला जाहिरात वाचून धक्का बसेल. एक रसायनशास्त्र सोबत ठेवलं असतं तरी निभावलं असतं. म्हणून म्हणते, मेजर कोणताही घ्या, रसायनशास्त्र सहजासहजी सोडू नका. पेशीत जे चालतं ते शेवटी रसायनच आहे. आणि संख्याशास्त्राची संधी मिळाली तर "मॅथ्स नको गं बाई" म्हणून पळू नका. कोणतं औषध लागू पडलं, कोणत्या वाणाला कीड कमी लागली, हे शेवटी आकड्यांवरच ठरतं.

नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा आपल्याकडे संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात, त्यांनाही तोच. एका सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांची पदवी १३२ ला आणि चौथं वर्ष ऑनर्सचं केलं तर १७६. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किल, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप, असा मोठा थाळा आहे. मेजर नक्की कोणत्या सत्रात ठरवायचा, नंतर बदलता येतो का, हे कॉलेजच्या ऑफिसात नव्हे, विभागातल्या मॅडमना विचारा. ऑफिसातला माणूस शुल्काची तारीख बरोबर सांगेल, बाकीचं त्याचं काम नाही.

क्रेडिटचा हिशेब मात्र आपला आपण करून बघावा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. समजा २२ पैकी १६ थिअरीची आणि ६ प्रॅक्टिकलची असली, तर २४० आणि १८०, मिळून ४२० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २८ तास कॉलेजात. दारव्ह्याहून किंवा राळेगावहून यवतमाळला एस.टी.ने येणाऱ्या मुलीचा प्रवास वेगळाच. यात नीटचा रिपीट बसतो का? मला नाही वाटत. कागदावर प्रवेश कॉलेजात, मुलगी नागपूरच्या क्लासमध्ये, आणि दोन्हीकडे अर्धीच, हे मी दोन-तीन घरांत पाहिलंय. रिपीट करायचं तर एक वर्ष सरळ रिपीट करा. बी.एस्सी. करायची तर ती वेटिंग रूम समजू नका, कारण तिथे बसून गाडी निघून जाते.

ओपन इलेक्टिव्ह विज्ञानाबाहेरचं घ्यावं लागतं. इथे बहुतेक मुली मैत्रिणीने जे घेतलं तेच घेतात, किंवा ज्याचे मार्क मिळतात ते. आपल्या व्यापारी घरांत हिशेबाची ओळख जेवणाच्या ताटावरच होते, तेव्हा अकाउंट्स परत घेऊन फारसं काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा कायद्याची, पत्रकारितेची किंवा भाषेची ओळख करून देणारं काही असेल तर बघा. जी मुलगी पुढे अन्नाच्या किंवा पर्यावरणाच्या कामात जाणार, तिला नियम वाचता आणि अहवाल लिहिता आले पाहिजेत.

सगळ्यात जास्त वाया जातो तो फील्ड प्रोजेक्ट. नेटवरून उतरवलेली वीस पानं, वर प्लास्टिकचं कव्हर, झालं. अहो, आपण यवतमाळ जिल्ह्यात राहतो! २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याच सुमारास गुलाबी बोंडअळीने बी.टी. कपाशीलाही दाद दिली नव्हती. अळीत प्रतिकारशक्ती कशी येते, कामगंध सापळ्यात नर पतंग किती अडकले, फवारणाऱ्या माणसाला हातमोजे घालून उन्हात काम करणं का जमत नाही, यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक प्रोजेक्ट आहे. जीवशास्त्र आणि जीवदया एकाच बांधावर भेटतात ती ही जागा. तण, पाणवनस्पती, बेंबळा धरणावर थंडीत येणारे पक्षी, सागाच्या पानांची जाळी करणारी अळी, काहीही घ्या. मोजायला एक वही आणि दोन महिन्यांचा नेम पुरतो. रोपं उपटायची नसतील तर फोटोंचा संग्रह चालेल का, हे विचारायला लाजू नका.

आणि एक गोष्ट आयांना सांगायची आहे, मुलींना नाही. नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी चार क्रेडिटचं जास्तीचं कौशल्याचं काम करावं लागतं. मिळवलेली क्रेडिट बँकेत जमा राहतात, साधारण सात वर्षांपर्यंत. ही सोय अडचणीसाठी आहे, आजारपणासाठी, पैशाच्या तंगीसाठी. पण मी आत्ताच दोन बैठकांत ऐकलं, "आता काय, डिप्लोमा मिळतो, स्थळ चांगलं आहे, उरलेलं सासरी करेल." क्रेडिट सात वर्षं टिकतात हो, पण सकाळी सातला प्रॅक्टिकलला जाणाऱ्या सुनेचा डबा कोण भरणार, ते त्या बँकेत जमा नसतं. दुसऱ्या वर्षाचा डिप्लोमा हा लग्नाचा मुहूर्त करू नका. ज्या सासरी तिसरं वर्ष खरंच होऊ देतील, ते सासर एक वर्ष थांबूही शकतं.

नणंदेची मुलगी कशात रमते ते मी तिलाच विचारलं. म्हणाली, "मामी, मी दुकानात गेले की प्रत्येक पाकिटाच्या मागचं वाचते." जिलेटिन, १२० नंबरचा लाल रंग, जो कोचिनील किड्यांपासून होतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अशा मुलीचं दार अन्न सुरक्षेकडे उघडतं, म्हणजे मेजर मायक्रोबायोलॉजी आणि मायनर रसायनशास्त्र. नणंदेला बेडकाचं समाधान झालं, पण आता अगारचा प्रश्न तिला छळतोय, आणि तो रास्त आहे. मुलीने तीन प्रश्न वहीत लिहून घेतलेत. माध्यमं कोणती वापरता, सोयाबीनची मागवता येतील का, आणि स्किल कोर्सची पूर्ण यादी बघायला मिळेल का. सोमवारी ती आईला घेऊन विभागात जाणार आहे. फॉर्म त्यानंतर.