आकडा कळला, पुढे काय?

केंद्र सरकारच्या ‘स्मार्ट शहर’ अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत शंभर शहरे निवडली गेली. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या वीस शहरांत सुरत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या पणजीचाही समावेश झाला. चौकाचौकांतील कॅमेरे, नियंत्रण कक्षातील भिंतभर पडदे, भ्रमणध्वनीवर मिळणाऱ्या सेवा यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. तो आता ओसरला असताना एक साधा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. यंत्राने आकडा कळविला, पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर सुरतेइतके उद्बोधक शहर दुसरे क्वचितच सापडेल.

सुरत मराठी माणसाला परकी नाही. शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांमुळे ती आपल्या इतिहासात आहे. १९०७ साली काँग्रेसमधील जहाल व मवाळ यांची ताटातूट झाली तीही तेथेच. आज उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून पोटासाठी गेलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. आणि ज्या तापीच्या काठी हे शहर वसले, ती नदीही मुलताईला उगम पावून खानदेश ओलांडूनच तेथे पोचते. सुरतेचे पाणी आणि सुरतेचे कामगार, दोन्ही एकाच वाटेने येतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने या शहराची अब्रू जगाच्या वेशीवर टांगली गेली. लक्षावधी लोक घरदार टाकून पळाले. पुढच्याच वर्षी एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांच्या हाती ना कॅमेरे होते, ना संगणकांचे जाळे. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, विभागप्रमुखांना आपले अधिकार वाटून दिले, अधिकाऱ्यांना दररोज कचेरीतून उठवून वस्त्यांत पाठविले आणि बेकायदा बांधकामांवर हातोडा चालविताना मोठ्यांची गय केली नाही. दोनेक वर्षांतच तेच शहर देशातील अत्यंत स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. कायदा पूर्वीचाच होता, कर्मचारीही बहुतांशी तेच होते. बदलली ती जबाबदारीची वाटणी.

मात्र कर्तबगार आयुक्त लाभला म्हणजे शहर तरले, असाही याचा अर्थ नव्हे. ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेच्या वरच्या बाजूस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश शहर पाण्याखाली गेले. १९७२ साली पुरे झालेल्या या धरणाकडून सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण अशा तिन्ही अपेक्षा आहेत. पहिल्या दोहोंसाठी जलाशय भरलेला हवा, तिसरीसाठी रिकामा. पाणी आधी साठविले आणि सोडण्यास उशीर केला, असा आरोप त्या वेळी झाला. शिवाय शहरातील नदीपात्र बांधकामांनी आक्रसलेले होते. धरणाची पातळी मोजणारे तेव्हाही होते. आकडा होता, तो पाहून वेळीच दरवाजे उघडण्याचा आणि तापीकाठच्या माणसाला उठविण्याचा निर्णय कोणी, केव्हा घ्यावयाचा, याची घडी बसलेली नव्हती.

या आपत्तीपासून सुरत शिकली, हे मान्य करावयास हवे. वरच्या खोऱ्यातील पावसाच्या आकड्यांवरून उकाईत किती पाणी येईल, किती सोडावे लागेल आणि शहराचा कोणता भाग बुडेल, याचा आगाऊ अंदाज बांधण्याची व्यवस्था तेथे उभी राहिली. सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड-प्रक्रिया कारखान्यांना विकण्याचा उपक्रमही २०१४ पासून सुरू झाला. दिवसाला चार कोटी लिटर क्षमतेचा हा प्रकल्प म्हणजे तेवढे गोडे पाणी वाचविण्याची सोय होय. टिकाऊ विकास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

परंतु याच ‘स्मार्ट’ सुरतेत २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला संकुलास आग लागली आणि शिकवणीस आलेले बावीस विद्यार्थी प्राणास मुकले. वरच्या मजल्यावरील बेकायदा छपराखाली वर्ग भरत होते. हे छप्पर हुडकण्यास कोणत्या उपग्रहाची गरज होती? ते रस्त्यावरून दिसत होते. पाहणाऱ्यांची वाण नव्हती. पाहिल्यावर हलणाऱ्यांची होती. पुढच्या वर्षी टाळेबंदीत हजारो यंत्रमाग-कामगार ‘आम्हांस गावी जाऊ द्या’ म्हणून सुरतेच्या रस्त्यांवर उतरले. रस्त्यावरची वाहने मोजणाऱ्या शहराला आपल्या मागांवर राबणारी माणसे किती, हे नीट ठाऊक नव्हते.

आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. गावच्या शिधापत्रिकेवर परमुलखात धान्य मिळण्याची सोय संगणकाच्या जाळ्याविना झाली नसती. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू झाली, तीही स्वागतार्हच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, यंत्र हे राज्यकारभाराचे डोळे होऊ शकते, हात होऊ शकत नाही. आणि हात कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार लोकशाहीत लोकांचा असतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना जो दर्जा दिला, त्याला ‘स्मार्ट शहर’ योजनेने बगल दिली, असेच म्हणावे लागते. कामे कंपनी कायद्याखाली स्थापलेल्या स्वतंत्र कंपन्यांकडे गेली. रस्ता खणला की लोक नगरसेवकाला जाब विचारीत, आणि नगरसेवक कंपनीकडे बोट दाखवी. पणजीकरांना हा अनुभव सांगावयास नको. खोदलेल्या रस्त्यांतून त्यांनी तो वर्षानुवर्षे पायांनी घेतला आहे.

म्हणून सुरतेकडून आपण शिकावयाचे ते पडदे आणि कॅमेरे नव्हेत. जुलै २०२१ च्या पुराने सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांची काय दैना केली, ती आठवावी. अंजुणे व तिळारी धरणांची पाणीपातळी आणि विसर्ग दर तासाला मराठी-कोंकणीत जाहीर व्हावा. अमुक पातळीला अमुक अधिकाऱ्याने अमुक गाव हलवावे, हे आधीच लेखी ठरलेले असावे. तिळारीच्या बाबतीत त्यावर महाराष्ट्र व गोवा या दोन्ही सरकारांची सही असावी. ज्याच्या घरी भ्रमणध्वनी नाही त्याच्यापर्यंत दवंडी पोचावी. आणि पावसाळा सरल्यावर या सर्वांचा हिशेब ग्रामसभेत व पालिकेत मांडला जावा.

यात खर्च थोडा आहे, अडचण मोठी आहे. कारण जबाबदार माणसाचे नाव आधी लिहून ठेवणे कोणत्याच सरकारला रुचत नाही. तथापि पाणी दारात येण्यापूर्वी ते नाव आपल्याला ठाऊक असावे, एवढी अपेक्षा नदीकाठच्या नागरिकाने बाळगली, तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.