फोकस न तपासलेल्या फोटोची शहादत

शाबान असो की रमजान, एकोणतिसाव्या संध्याकाळी मगरिबनंतर मोबाईलवर चंद्राचे फोटो फिरू लागतात. कुणी दुर्बिणीला कॅमेरा जोडून काढलेला असतो, कुणी नुसत्या फोनने. मग वाद सुरू होतो. फोटो खरा की खोटा, आजचा की गेल्या वर्षीचा, इथला की केरळातला? फोटो काढताना फोकस बरोबर होता का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुर्बिणीतून दिसलेला चंद्र ग्राह्य धरावा की नाही, हा उलेमांचा विषय आहे. त्यात मी पडत नाही. पण फोटो शहादत म्हणून पुढे आणायचा असेल, तर साक्षीदार शुद्धीवर होता की नाही एवढे तरी बघायला नको का?

दुर्बिणीचा फोकस म्हणजे गुंडी फिरवून चित्र 'बरे' दिसेपर्यंत थांबणे नव्हे. हौशी लोकांकडे नेहमी दिसणारी आठ इंची आरशाची दुर्बीण घ्या. केंद्रांतर एक मीटर, म्हणजे एफ/५. हिच्यात प्रतिमा खरोखर तीक्ष्ण असते ती जागा पुढेमागे मिळून जेमतेम ५५ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण याहून जाड असतो. एफ/१० च्या दुर्बिणीत ही मुभा चौपट होते, तरी पाव मिलिमीटरच्या आतच राहते. इतक्या अरुंद जागेत डोळ्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण हवा हलत असते, प्रतिमा उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखी थरथरते, आणि आपला मेंदू त्यातला सर्वांत चांगला क्षण निवडून समाधान मानतो. कॅमेरा असे निवडत नाही.

रात्री यावर फार सुंदर आणि स्वस्त उपाय आहे. पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी छायाचित्रकाराने २००५ साली तीन दिशांच्या पट्ट्या कापलेले एक झाकण तयार केले. ते दुर्बिणीच्या तोंडावर लावून एखादा तेजस्वी तारा पाहिला की ताऱ्याभोवती तीन रेघा उमटतात. दोन रेघांची फुली होते आणि तिसरी फोकस बदलेल तशी इकडून तिकडे सरकते. ती फुलीच्या बरोबर मधोमध आली की फोकस साधला. जाड पुठ्ठा आणि कटर एवढ्यावर हे घरी बनते. महागडी दुर्बीण घेऊन हे झाकण न बनवणाऱ्यांचे मला नवल वाटते.

पण हे झाकण ताऱ्यावर, म्हणजे प्रकाशाच्या बिंदूवर चालते. हिलाल बिंदू नाही, आणि त्या वेळी आकाशात तारेही नसतात. खरी अडचण इथे आहे. मग लोक दोन सोप्या वाटा धरतात आणि दोन्ही फसव्या आहेत.

एक म्हणजे लांबच्या डोंगरावर किंवा मोबाईलच्या टॉवरवर फोकस करणे. पाच किलोमीटरवरचा डोंगर आपल्याला 'अनंत' वाटतो, दुर्बिणीला तसा वाटत नाही. एक मीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीत त्या डोंगराची आणि चंद्राची फोकसची जागा यांत २०० मायक्रॉनचा फरक पडतो. मुभा ५५ ची, चूक २०० ची.

दुसरी वाट म्हणजे आदल्या रात्री ताऱ्यावर फोकस करून गुंडी घट्ट करून ठेवणे. ॲल्युमिनियमची एक मीटरची नळी दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन लांब होते. मध्यरात्र आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ यांच्या तापमानात १५ अंशांचा फरक असेल, तर नळी ३४५ मायक्रॉनने बदललेली असते. लोखंडी नळीत हा आकडा निम्मा होईल, एवढेच.

याचा परिणाम काय? एफ/५ ला २०० मायक्रॉनची चूक झाली की प्रकाशाचा बिंदू ४० मायक्रॉनचा डाग होतो, म्हणजे बऱ्याच कॅमेऱ्यांत दहा-एक पिक्सेल. केसासारख्या कोरीचा मुळात तोकडा प्रकाश तेवढ्यावर पसरतो आणि अजून उजळ असलेल्या आकाशात विरून जातो. टोके तर पहिल्यांदा जातात. चंद्र तिथे असतो, फोटोत मात्र नसतो. म्हणून 'आमच्या कॅमेऱ्यात काही आले नाही, सबब चंद्र नाही' हा दावाही मला 'दिसला' म्हणणाऱ्याइतकाच कच्चा वाटतो. उलट बाजूने, फोकसबाहेरचा शुक्र आरशाच्या दुर्बिणीत कड्यासारखा दिसतो. त्याचा अर्धा भाग झाडाने किंवा ढगाने झाकला की उरलेली कमान पाहून कुणाचाही गोंधळ उडेल. नंतर सॉफ्टवेअरने धार काढून उपयोग नाही. फोनचे तर बोलूच नका, काही फोन चंद्र ओळखून तपशील आपल्या मनानेच भरतात.

त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग सूर्याचा. दुर्बिणीच्या तोंडाशी खास सूर्यासाठीचा फिल्टर लावून, मावळतीच्या अर्धा तास आधी सूर्याच्या कडेवर किंवा डागावर फोकस करावा. अंतर आकाशातले आणि तापमान त्याच वेळचे. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत फिल्टर काढायचा नाही, डोळा एका क्षणात जातो. पुढे शुक्र किंवा एखादा तेजस्वी तारा उजळला, तर झाकण लावून पुन्हा एकदा तपासावे, कारण त्या अर्ध्या-पाऊण तासात दोन-तीन अंश उतरलेले असतात.

आणि फोटो पाठवताना सोबत मूळ, न सजवलेली फाईल, वेळ, ठिकाण आणि त्याच संध्याकाळची फोकस तपासल्याची एक फ्रेम जोडावी. चंद्र समित्यांनी ती मागायला सुरुवात केली तर काढणारेही आपोआप काढून ठेवू लागतील. पुठ्ठ्याला आणि एका जादा फ्रेमला असा कितीसा खर्च येतो?