हाताशी असलेला रंग

खानदेशातल्या शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की बहुतेक वह्यांत एकच देखावा उतरतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, वळणे घेत आलेली नदी, उतरत्या छपराची झोपडी आणि तिच्यावर कललेले नारळाचे झाड. वर्गाबाहेर मात्र सातपुडा क्षितिजावर लांबच लांब आडवा पडलेला असतो. रावेर-यावलच्या शिवारात केळीच्या बागा उभ्या असतात आणि गावातली जुनी घरे सपाट धाब्याची असतात. मुलांना यातले काही दिसत नाही असे नाही. ते चित्रात यायच्या लायकीचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. या प्रदेशाचा इतिहास मात्र तेच सांगत आला आहे.

चाळीसगावजवळ पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केले. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक कोरीव तुकडा सापडला. त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे. समांतर रेषांच्या आत तिरक्या रेघांची बारीक जाळी, एवढीच त्यावरची नक्षी. त्या काळी इथल्या माळावर शहामृग हिंडत होते. कोरणाऱ्याने भोवती मिळाले ते कवच घेतले आणि त्यावर हात चालवला. पुढे, आजपासून चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, तापीच्या खोऱ्यात शेती करणाऱ्या सावळदा संस्कृतीच्या लोकांनी मडक्यांवर मासे, प्राणी, बाणांची टोके रंगवली. जे खायचे आणि ज्याने शिकार करायची, तेच चित्रात आले.

अजिंठा प्रशासनाच्या नकाशात शेजारच्या जिल्ह्यात आहे. पण लेण्यांखालून वळसा घेणारी वाघूर पुढे जामनेर-जळगावकडे येते आणि तापीला मिळते. या लेण्यांतली चित्रे देखणी आहेत हे सगळेच सांगतात, ती कशाची बनली आहेत हे फार थोडे लोक पाहतात. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात. तांबडा आणि पिवळा रंग गेरूच्या जातीच्या मातीतून, हिरवा हिरव्या मातीतून, काळा काजळीतून. लांबून आणलेला रंग एकच, अफगाणिस्तानच्या लाजवर्द दगडाचा निळा. विषय जातककथांचे, म्हणजे राजांचे, देवांचे आणि बोधिसत्त्वांचे. पण दहाव्या लेण्यातल्या षड्दंत जातकात हत्तींचा कळप रंगवणाऱ्याने हत्ती नीट पाहिलेला आहे. सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी राजकन्या आहे, आणि तिच्या शेजारी साजशृंगाराचे सामान धरून उभ्या असलेल्या दासीही तितक्याच मन लावून काढल्या आहेत.

इथे एक आक्षेप रास्त आहे. नुसते निसर्गात राहून चित्रकार होता आले असते, तर शिवारातला प्रत्येक माणूस चित्रकार झाला असता. अजिंठ्यामागे वाकाटक राजवटीतल्या धनिकांचे दान होते, पिढीजात कारागिरी होती. डोळा तयार करावा लागतो, आणि तो बऱ्याचदा दुसऱ्याचे काम गिरवूनच तयार होतो. प्रश्न गिरवण्यावर थांबायचे की नाही, एवढाच.

याचे उत्तरही अजिंठ्यातच मिळते. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून जवळपास वीस वर्षे इथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यातल्या बहुतेक १८६६च्या आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम करत राहिले. १८८५ मध्ये लंडनला पुन्हा आग लागली आणि त्यातल्याही अनेक नकला जळाल्या. पण ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून कमावलेली नजर घेऊन ते घरी परतले आणि त्यांनी पारशी घरांतली माणसे रंगवली. पोपटाला दाणे भरवणे हासुद्धा त्यांच्या एका प्रसिद्ध चित्राचा विषय झाला. नकला आगीत गेल्या, शिकवण कामी आली.

खुद्द खानदेशात या वाटेचे टोक गाठले ते केकी मूस यांनी. मुंबईत १९१२ साली जन्मलेला, विलायतेत शिकलेला हा कलावंत चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिला आणि १९८९ मध्ये वारला. तिथे राहायला लागल्यावर त्यांनी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. तरी चित्र, शिल्प आणि छायाचित्र यांत त्यांचा हात अखंड चालू होता. ‘टेबलटॉप’ छायाचित्रणात ते टेबलावर लहानसहान वस्तू मांडत, प्रकाश जुळवत आणि त्यातून अख्खे दृश्य उभे करत. खानदेशातल्याच कवयित्री बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरच्या आणि शेतातल्या कामांतून त्यांनी कविता रचली. दोघांची कला वेगळी, जगणे त्याहून वेगळे. विषय शोधायला लांब जावे लागते, ही समजूत मात्र दोघांनीही खोटी ठरवली.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या शाळांनी एवढे करावे. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे विषय आहेतच. वस्तुचित्राला ठरलेला तांब्या-पेला मांडण्याऐवजी एखाद दिवस भरताची वांगी मांडावीत. स्मरणचित्रासाठी पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणारे हात, केळीचे घड ट्रकमध्ये भरणारे मजूर, आठवडे बाजार असे विषय द्यावेत. सहल अजिंठ्याला जातेच. तिची वाट चाळीसगावच्या केकी मूस संग्रहालयाकडेही वळवावी. आणि गुण देताना सफाईच्या आधी मुलाने स्वतः काय पाहिले, हे तपासावे. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही की जादा निधी लागत नाही. शिक्षकाने मुलांना घेऊन वर्गाबाहेर पडायला हवे, आणि मुख्याध्यापकांनी त्याला तेवढी मोकळीक द्यायला हवी.