वादळाचा पंचनामा

संकट दैवाने येते आणि दैवानेच जाते, असे मानून स्वस्थ बसण्याची सवय आमच्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या जडलेली आहे. आणि सरकारी दफ्तराने ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून जो शब्द रूढ केला आहे, तो त्या जुन्या ‘दैवी कोपा’नेच घातलेला नवा पोशाख होय. दोन्ही शब्दांचा गुण एकच. त्यांचा उच्चार झाला की कोणाकडेही जाब मागावयाचे कारण उरत नाही. वारा सुटणे मनुष्याच्या हातचे नाही हे आम्हांस मान्य आहे. परंतु वारा गेल्यानंतर कोणाच्या हाती काय पडावे, हे वारा ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात. ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागेच्या दक्षिणेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर चढले, त्याच्या उदाहरणावरून ही गोष्ट आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळे, मंडणगड, दापोली ह्या भागांतील ज्यांच्या अंगावरून ते वादळ गेले, त्यांच्या सांगण्यात एक विलक्षण सारखेपणा आहे. प्रथम पाऊस आडवा झाला. मग कौले उडू लागली. ती एकेक करून नव्हे, तर वळचणीपासून आढ्यापर्यंत ओळीच्या ओळी. घरातील माणसे माजघरात गोळा झाली, दाराला आतून पाठी लावून उभी राहिली, आणि बाहेर सुपारीची झाडे मोडण्याचा आवाज तेवढा मोजीत राहिली. तीन-चार तासांनी दार उघडले तेव्हा पुष्कळांस आपलीच वाडी ओळखू आली नाही. ज्या पडवीतून पूर्वी दहा पावलांपलीकडचे दिसत नसे, तेथून थेट समुद्र दिसू लागला. हे शेवटचे वाक्य आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकिले आहे की, छप्पर गेल्याच्या दुःखाहून त्या नव्या, उजाड दृश्याचे दुःख अधिक असावे असे वाटते. छप्पर महिन्यात घालता येते. सावली घालता येत नाही.

अरबी समुद्र वादळाच्या बाबतीत गरीब आहे, असा आमच्या किनाऱ्यावर एक जुना समज आहे. तो कशाच्या आधारावर टिकला, कोण जाणे! १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. तिची आठवण रायगडच्या कित्येक घरांत अद्याप आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये चक्रीवादळाने मुंबईस झोडपले. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आले. ‘निसर्ग’ला वर्ष होते न होते तोच, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनारा घासून गुजरातेकडे गेले, आणि त्यात मुंबईच्या समुद्रातील ‘पी-३०५’ तराफ्यावरचे सत्तरांहून अधिक कामगार प्राणास मुकले. तात्पर्य, वादळ हा आमच्याकडे चुकून आलेला पाहुणा नव्हे.

आता जे चांगले झाले ते चांगले म्हटलेच पाहिजे. ‘निसर्ग’च्या वेळी हवामानखात्याने दोन-तीन दिवस अगोदर इशारा दिला, किनाऱ्यावरील हजारो माणसे शाळांतून व पक्क्या इमारतींतून हलविण्यात आली, आणि तीही करोनाच्या साथीत, जेव्हा चार माणसे एका खोलीत बसविणे हेच भयाचे होते. इतके मोठे वादळ येऊनही मृत्यू मोजकेच झाले. ओडिशाने हा धडा फार महाग किंमत देऊन शिकविला आहे. १९९९ च्या महावादळात तेथे मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. त्याच वर्षी त्या राज्याने ह्या कामासाठी स्वतंत्र संस्था स्थापिली, आश्रयगृहे बांधिली, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. आणि २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे अगोदरच हलविली गेल्यामुळे मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडी जिल्ह्यात मयनागुडीस वावटळीने काही मिनिटांत घरे जमीनदोस्त केली. तशा वावटळीची सूचना मिळाली तर घटकाभराची. चक्रीवादळाची मिळते ती दिवसांची. तेवढ्या दिवसांत माणूस हलविता येतो, होडी वर ओढता येते. वाडी हलविता येत नाही. म्हणून माणूस वाचविण्याची विद्या आम्हांस साध्य झाली असली, तरी वाचलेल्या माणसाने पुढे खावे काय, हा प्रश्न जेथल्या तेथे आहे.

ह्या प्रश्नाचे सरकारी उत्तर म्हणजे पंचनामा. फळबागेस हेक्टरी १८ हजार रुपये हे मदतीचे जुने मान होते. ते ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने ५० हजारांवर नेले, व पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५ हजार १०० वरून दीड लाख केली. वाढ खरीच, आणि तिचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु कोकणातील आगर हेक्टरात मोजावयाचे असते काय? विदर्भातील संत्र्याच्या बागेस जे माप शोभते, ते श्रीवर्धनच्या दहा गुंठ्यांच्या वाडीस लावले म्हणजे हिशेब असा होतो: हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे, दहा गुंठ्यांस पाच हजार रुपये. सातबाऱ्यावर आठ भावाबहिणींची नावे असली, तर प्रत्येकाच्या वाट्यास सव्वासहाशे. वाडीत आडवी पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरी ह्याच्या कितीतरी पट. पुढे ओरड झाली तेव्हा झाडावारी मदत ठरली: नारळास २५० रुपये, सुपारीस ५०. माप बदलले हे योग्यच झाले. पण सुपारीचे झाड लाविल्यावर फळास यावयास पाच ते सात वर्षे लागतात, आणि श्रीवर्धनी रोठ्याचे एका झाडाचे एका वर्षाचे पीकदेखील पन्नास रुपयांच्या कितीतरी पुढे जाते. पन्नास रुपयांत झाड नव्हे, झाडाची सावलीही विकत मिळणार नाही.

आणि ही मदत पोहोचते कोणास? सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्यास. कोकणातील सातबारा म्हणजे अर्ध्या वंशावळीचा कागद. त्यावरची निम्मी नावे मुंबईस, काही परदेशी, काही परलोकी. प्रत्यक्ष वाडीत शिंपणे करणारी, खत घालणारी, वादळात दार धरून उभी राहिलेली जी सून किंवा विधवा भावजय, तिचे नाव पुष्कळदा त्या कागदावर नसतेच. असले तरी बाकीच्यांची संमतिपत्रे गोळा करीत तिला तलाठ्याच्या दारी खेटे घालावे लागतात. मक्त्याने आगर करणाऱ्याचे नाव कोठेच नाही. झाडावर चढून सुपारी उतरविणारा गडी व ती सोलणाऱ्या बायका ह्यांची तर कथाच सोडा. झाड त्यांचे नाही, म्हणून झाड पडल्याने त्यांचे काही गेले असे दफ्तरास वाटत नाही. वस्तुतः मालकाचे उत्पन्न गेले, आणि ह्यांची रोजी गेली. बायकांनी घाम गाळावा आणि नाव पुरुषाचे लागावे, ही आमच्या घरातील रूढी सरकारी पंचनाम्याने जशीच्या तशी उचलली आहे. घरात जो अन्याय चालतो त्यास दफ्तराचा शिक्का मिळाला म्हणजे तो न्याय ठरतो काय?

१५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू होऊन शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद स्वतः करण्याची सोय झाली, ही सुधारणा आम्हांस इष्ट वाटते. परंतु तिचेही दार खातेदारासच उघडते. तेच दार प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाची केवळ नोंद घेण्यापुरते, मालकीच्या हक्कास धक्का न लावता, उघडावयास हरकत कोणती? मालक दचकतील हे आम्ही जाणतो. पण नोंदीस भिणारा मालक आणि मदतीवाचून राहणारी विधवा ह्या दोहोंत सरकारने कोणाची भीड धरावी?

आमच्या व्यापारी वाचकांस येथे दोन शब्द स्पष्ट सांगितले पाहिजेत. वादळानंतरच्या त्या आठवड्यांत पावसाळा डोक्यावर होता, घरे उघडी होती, आणि नेमक्या त्याच वेळी पत्र्यांचे व ताडपत्रीचे भाव चढले. मागणी वाढली की भाव वाढतो, हा व्यापाराचा नियम आम्हांसही ठाऊक आहे. पण ज्या गिऱ्हाइकास आज रात्री लेकरे कोरडी निजवावयाची आहेत, ते घासाघीस करावयास मोकळे नसते. त्याच्याशी केलेला व्यवहार बाजाराचा म्हणवत नाही. प्रामाणिक भावाने माल देणारे दुकानदारही होते, आणि कित्येकांनी उधारीवर पत्रे दिले. गावाने ती नावे ध्यानात ठेविली आहेत, तशी दुसरीही ठेविली आहेत. प्रत्येक तालुक्याच्या व्यापारी मंडळाने मे महिन्यातच पत्रे, कौले, ताडपत्री ह्यांचा संकटकाळचा भाव ठरवून फलकावर लावला, तर त्यात तोटा कोणाचा?

विजेची गोष्ट थोडक्यात सांगतो. खांब पडले आणि कित्येक गावे आठवड्यानुआठवडे अंधारात राहिली. दूरध्वनी बंद, पिठाची गिरणी बंद, नळाचे पाणी बंद. मुंबईच्या चाकरमान्यास गावची आई जिवंत आहे की नाही हे दिवसेंदिवस कळेना. किनाऱ्यावर भूमिगत तारा व आश्रयगृहे ह्यांची तरतूद असलेल्या केंद्राच्या चक्रीवादळ-निवारण योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचे नाव २०१५ सालीच आले होते. ‘निसर्ग’ आले ते पाच वर्षांनी.

खांबांस पैसा लागतो. यादीस तोही लागत नाही. ग्रामपंचायतीने दरवर्षी चैत्रात वाडीवाडी फिरून झाडे किती, छप्पर कशाचे, राबते कोण, एवढ्या तीन गोष्टी एका वहीत उतरून घ्याव्यात, ग्रामसभेत ती वही मोठ्याने वाचावी, व तिची एक प्रत तहसिलीत ठेवावी. मग वादळानंतर पंचनामा करणाऱ्यास पडलेले खोड मोजण्यासाठी चिखलात उतरण्याचेही कारण नाही. आगरातील बाईस आपल्या झाडांची संख्या तोंडपाठ असते. कोणते झाड कोणत्या साली लाविले हेही ती सांगते. तिला तसे कोणी अद्याप विचारलेले नाही, इतकेच.