मुलांना विचारा, निवडायला मात्र लावू नका

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की दोन्हीकडच्या चार जाणत्या माणसांनी बैठक घालावी, ही ग्रामीण महाराष्ट्रातील जुनी रीत खेड तालुक्यालाही परकी नाही. प्रथम समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला की देण्याघेण्याची यादी निघते. मुलीच्या अंगावरचे दागिने, मानपान, भांडीकुंडी, लग्नाचा खर्च, खावटी असे एकेक कलम ठरत जाते. मूल कोणाकडे राहणार, हे कलम बहुधा शेवटी येते आणि थोडक्यात आटोपते. ज्याच्या आयुष्याची सारी घडी त्या एका वाक्याने बदलणार असते, ते मूल त्या वेळी आतल्या खोलीत किंवा शेजारच्या घरी असते.

पुढे प्रकरण राजगुरुनगरच्या न्यायालयात गेले आणि तेथून मध्यस्थीसाठी पाठवले गेले, तरी चित्र फारसे बदलत नाही. मध्यस्थासमोर पती असतो, पत्नी असते, दोघांचे वकील असतात. मुलाविषयी सगळे बोलतात. मुलाशी मात्र क्वचितच कोणी बोलते.

ही उणीव कायद्याची आहे असे म्हणता येणार नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्येच म्हटले आहे की, समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ त्याही पुढे जाते. मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयीचे आदेश शक्य असेल तेथे मुलांच्या इच्छेला धरून असावेत, असे ते सांगते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचे कल्याण हाच सर्वोपरी निकष ठरवला. १९९२ मध्ये भारताने बालहक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला. त्याचे बारावे कलम मुलाला आपल्यासंबंधीच्या बाबींत मत मांडण्याचा अधिकार देते. कायद्याला मुलाचा आवाज ठाऊक आहे. तो बैठकीपर्यंत आणि मध्यस्थीच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

यावर एक आक्षेप तत्काळ घेतला जातो : मुले पढवलेली असतात. हा आक्षेप पोकळ नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका आठ वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले होते. अगदी लहानपणापासून ती वडिलांकडे वाढली होती आणि आईकडे जायला तयार नव्हती. आईचा सहवासच न मिळालेल्या मुलीची पसंती पूर्ण माहितीवर आधारलेली मानता येणार नाही, असे न्यायालयाने मानले आणि एक वर्षासाठी तिचा ताबा आईकडे दिला. याउलट २००८ मधील कोलकात्याच्या प्रकरणात, आईच्या मृत्यूनंतर आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लहान मुलाचा ताबा खालच्या न्यायालयांनी वडिलांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या दालनात बोलावून विचारले, तेव्हा त्याने वडिलांकडे जाण्यास स्पष्ट नकार दिला. तो निर्णय फिरवला गेला. मुलाचा शब्द अंतिम मानणे जसे धोक्याचे, तसेच तो न ऐकणेही धोक्याचे, हेच या दोन निकालांतून दिसते. पढवलेपणाची शंका असेल, तर जाणत्या माणसाने मुलाशी एकांतात, निवांत बोलण्याची गरज उलट वाढते.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. मुलाला ऐकणे ही एक गोष्ट आणि त्याला निवडायला लावणे ही अगदी दुसरी. ‘तुला आई हवी की बाबा?’ हा प्रश्न नातेवाईक सहज, कधी कधी चारचौघांत विचारून जातात. या प्रश्नाचे कोणतेही उत्तर मुलाच्या मनात अपराधाची भावना पेरते. ज्याचे नाव घेतले नाही, त्याला आपण दुखावले, हे ओझे ते मोठेपणीही वागवते. आई-बाप दोघे मिळून जो निर्णय करू शकले नाहीत, तो आठ-दहा वर्षांच्या जिवावर टाकणे हा अन्यायच आहे.

मग विचारायचे काय? विचारायचे ते त्याच्या रोजच्या जगण्याविषयी. शाळा बदलावी लागली तर काय वाटेल? आजीशिवाय झोप लागते का? कोणत्या गोष्टीची भीती वाटते? आई-बाबांना काही सांगायचे राहून गेले आहे का? चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नांना फारच व्यावहारिक अर्थ आहे. वडील पाळीत काम करतात. या आठवड्यात पहिली पाळी, तर पुढे कधी रात्रीची. या भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी. कागदावर ‘दर रविवारी भेट’ असे लिहिले गेले, तर तो बाप रजा तरी काढणार किंवा रात्रपाळी करून, डोळ्यांवर झोप घेऊन मुलासमोर बसणार. घरातील दिनक्रम मुलाला बिनचूक ठाऊक असतो. बाबा कधी जागे असतात, आई कामावरून किती वाजता परतते, मधल्या वेळात दार कोण उघडते, हे त्याच्याइतके वकिलांना माहीत नसते. ते ऐकून केलेला करार टिकण्याची शक्यता अधिक, हे समजायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

ऑस्ट्रेलियात या पद्धतीचा अभ्यासही झाला आहे. जेनिफर मॅकिंटॉश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दोन प्रकारच्या मध्यस्थींची तुलना केली होती. एकीत पालकांशी मुलांविषयी बोलले जात असे. दुसरीत प्रशिक्षित तज्ज्ञ मुलांना स्वतंत्र भेटून त्यांचे म्हणणे पालकांसमोर मांडत असे. वर्षभरानंतर दुसऱ्या प्रकारातील व्यवस्था अधिक टिकाऊ आढळल्या. आपल्याच मुलाचे मन तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकल्यावर भांडणारे दोघेही क्षणभर पती-पत्नी न राहता आई-बाप होतात, असाच त्याचा अर्थ लावता येईल.

यात एक जबाबदारीही आहे. मध्यस्थीतील बोलणे गोपनीय असते, हा सर्वमान्य नियम. परंतु दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, ताब्याच्या वादात समुपदेशकाने मुलाशी बोलून केलेला अहवाल, मध्यस्थी फसल्यानंतरही न्यायालय पाहू शकते. कारण तेथे मुलाचे हित सर्वांत वरचे. याचा अर्थ इतकाच की, ‘हे कोणालाही कळणार नाही’ असे खोटे आश्वासन मुलाला देऊ नये. त्याचे कोणते बोलणे आई-बाबांपर्यंत न्यायचे, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. आणि बोलायचेच नसेल, तर त्याच्या गप्प राहण्याचाही मान राखावा. घरात मारहाण वा दहशत असेल, तेथे तर मुलाच्या सुरक्षिततेचा विचार आधी. समेटाची घाई नंतर.

राजगुरुनगरसारख्या ठिकाणी हे करणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. १९८४ च्या कायद्याने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी कौटुंबिक न्यायालये अनिवार्य केली आणि समुपदेशकांची तरतूद केली. पुण्यात शिवाजीनगरला अशा न्यायालयाची स्वतंत्र इमारत २०१७ पासून उभी आहे. पुणे-नाशिक महामार्गावरच्या तालुक्याच्या गावाला मात्र कायद्याने हा हक्क मिळत नाही. जवळ वसलेल्या कारखान्यांनी संसारांचे ताण कितीही वाढवलेले असोत. न्यायालयीन मध्यस्थांना ४० तासांचे प्रशिक्षण दिले जाते. मुलांशी बोलणे हे निराळे कौशल्य आहे. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात ताब्याच्या वादांत मध्यस्थीवर भर दिला, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. तालुका विधी सेवा समितीने निवृत्त शिक्षिका, बालमानसतज्ज्ञ, अनुभवी सामाजिक कार्यकर्ते यांची निवड करून त्यांना प्रशिक्षण दिले, आणि भेटीसाठी न्यायालयाच्या आवाराबाहेर एक शांत खोली मिळवली, तरी आरंभ होऊ शकतो. त्याला मोठा निधी लागत नाही.

तोवर बैठकीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना तीन गोष्टी निश्चित करता येतील. देण्याघेण्याच्या यादीआधी मुलाचा विषय घ्यावा. मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे आणि जो कोणत्याही एका पक्षाचा नाही, अशा माणसाने त्याच्याशी आधी बोलून यावे. आणि ‘आई की बाबा’ हा प्रश्न कोणी विचारू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. संसार वेगळे होतात, आई-बापपण वेगळे होत नाही. ते मुलाला कळावे, एवढी काळजी तर मोठ्यांनी घेतलीच पाहिजे.