पळविलेलीं मुलें कोणाचीं?

युरोपांतील मुलांच्या मनांत एक भीति फार लौकर पेरली जाते: जिप्सी येतील आणि पोरें पळवून नेतील. जिप्सी हें नांव परक्यांनीं दिलेलें. ते लोक स्वतःस रोम म्हणवितात. या भीतीला प्रतिष्ठा दिली ती थोर ग्रंथकारांनीं. सर्व्हांटीसची १६१३ सालची जिप्सी नायिका शेवटीं बालपणीं चोरलेली कुलीन कन्या ठरते. १८३१ सालीं ह्यूगोनें एस्मेराल्डेचें जन्मरहस्य असेंच उलगडलें. तात्पर्य उघड आहे. त्या तांड्यांत जें सुंदर व सद्गुणी दिसेल, तें त्यांचें असूंच शकत नाहीं!

बालवाङ्मयानें हा वारसा निमूटपणें पुढें चालविला. एनिड ब्लायटन यांचीं 'फेमस फाइव्ह' पुस्तकें आपल्याही घरांतून मोठ्या आवडीनें वाचलीं जातात. त्यांतील १९५४ सालच्या पुस्तकांत जिप्सी मुलाचें नांव आहे 'स्निफर', म्हणजे नाक ओढणारा! १९५० सालच्या पुस्तकांतील जो ही मुलगी धीट आणि चपळ आहे. परंतु बाप गुन्हेगारांचा साथीदार, आणि तिच्या गुणांचें बक्षीस काय, तर परक्या घरीं सांभाळ. म्हणजे या मुलानें एक तर ओंगळ असावें, नाहीं तर आपलें जिप्सीपण टाकून द्यावें. तिसरी वाट त्याला ठेवलेलीच नाहीं.

यावर कांहीं रसिक म्हणतील कीं, गोष्ट ही गोष्ट म्हणून वाचावी; चोर काय, सर्वच समाजांत असतात. असतात खरे. पण जेथें एक इंग्रज चोर असतो, तेथेंच त्याला पकडावयास चार इंग्रज मुलें असतात. रोमानी मुलाच्या वांट्यास असें दुसरें पान सहसा येत नाहीं.

आणि इतिहास काय सांगतो? मुलें पळविलीं गेलीं खरीं. पण कोणीं, आणि कोणाचीं? १७७३ सालीं मारिया थेरेसा राणीनें रोमानी मुलें आईबापांपासून तोडून शेतकऱ्यांच्या घरीं वाढविण्याचा हुकूम काढला. जर्मनींतील मुल्फिंगेन येथील अनाथाश्रमांत अशींच तोडून आणलेलीं मुलें एव्हा युस्टिन या संशोधिकेच्या प्रबंधासाठीं राखून ठेविलीं होतीं. प्रबंधाचें काम आटोपलें, आणि मे १९४४ मध्यें त्यांतील ३९ मुलें आउश्वित्सच्या छावणींत धाडण्यांत आलीं. वांचलीं अवघीं ४.

हें सारें जुनें झालें म्हणावें, तर ऑक्टोबर २०१३ फार दूर नाहीं. ग्रीसमध्यें एका रोमानी जोडप्याजवळ सोनेरी केसांची मुलगी दिसतांच ती चोरलेली म्हणून जगभर बोभाटा झाला. ती निघाली बल्गेरियांतील रोमानी आईचीच. त्याच महिन्यांत आयर्लंडमध्यें दोन रोमानी घरांतून गोरीं मुलें उचलून नेण्यांत आलीं, आणि डीएनए चाचणीनें तीं त्याच आईबापांचीं ठरल्यावर परत करावीं लागलीं. हा संशय कोणत्या पुराव्यांतून उपजला? लहानपणीं ऐकलेल्या गोष्टींतून!

जुनीं पुस्तकें जाळावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्याशेजारीं दुसरीं ठेवावीं. बंगालमध्यें बालपण घालविलेल्या रूमर गॉडन यांच्या १९७२ सालच्या 'द डिडाकॉय' या पुस्तकांत किझी नांवाच्या मुलीचा शाळेंत छळ होतो. पण लेखिकेनें तिला मन दिलें आहे, राग दिला आहे, अभिमान दिला आहे.

आम्हां मराठी वाचकांस तर हा प्रश्न परका नसावा. सुमारें हजार वर्षांपूर्वीं भारतांतूनच निघालेल्या या लोकांच्या भाषेंत अद्यापि पाण्यास 'पानी', कानास 'कान' आणि माणसास 'मानुश' म्हणतात. आपलीं मुलें 'स्निफर' हें नांव वाचून हसूं लागलीं, तर पुस्तक हिसकावून घेऊं नये. त्यांना एवढेंच विचारावें: त्याच्या आईनें त्याचें नांव काय बरें ठेविलें असेल?