पहिली पाच मिनिटे परिचारिकेची

अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आग लागून ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. काही दिवसांतच एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. त्यांचा दोष किती, हे न्यायालयाने पाहावे. परंतु आग लागल्यावर काय करायचे, हे त्या परिचारिकांना कुणी, कधी आणि किती वेळा शिकवले होते, हा प्रश्न अटकेच्या आधीचा आहे.

कोलकात्याचे आमरी (डिसेंबर २०११), भंडारा (जानेवारी २०२१), झांशी (नोव्हेंबर २०२४) या आगी रात्री किंवा पहाटे लागल्या. अशा वेळी अधीक्षक घरी असतात, वीजतंत्री बोलावल्यावर यायचा असतो आणि अग्निशमन दल वाटेत असते. वॉर्डात असते ती परिचारिका.

तिला काय ठाऊक हवे? प्राणवायूच्या नळीवरील आपल्या विभागाची झडप कुठे आहे, हे सर्वांत आधी. ती बंद केली नाही तर आगीला खतपाणी मिळते. अविचाराने बंद केली तर श्वासयंत्रावरचा रुग्ण गुदमरतो. म्हणून आधी त्याला सिलिंडरवर किंवा हाताने दाबायच्या अम्बू बॅगवर घ्यायचे. मग रुग्ण हलवायचे, तेही एकदम जिन्याकडे नव्हे, तर त्याच मजल्यावर, धूर अडवणाऱ्या दरवाजापलीकडे. चालू शकणारे एका नातेवाइकामागे निघतील. अंथरुणाला खिळलेल्यास चादरीसकट ओढत न्यावे लागते. हे वाचून येत नाही. दिवे मालवून, हातांनी करून पाहावे लागते.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी होते काय? वर्षातून एकदा, सकाळी अकरा वाजता, मैदानात पेटवलेली आग साहेबांसमोर विझवली जाते. छायाचित्र निघते, हजेरीपटावर सह्या होतात. रात्रपाळी करून आलेली परिचारिका तेव्हा घरी झोपलेली असते!

कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, गोळीबार चालू असताना, २० गर्भवतींना पॅन्ट्रीत नेऊन सुरक्षित ठेवले. निर्णय घेणारी व्यक्ती वॉर्डातच होती, म्हणून हे साधले. उलट आमरीत केरळच्या दोन तरुण परिचारिका रुग्णांना बाहेर काढता काढता धुरात गेल्या. धैर्यात त्या कुठे उण्या होत्या? तळघरातून निघालेला धूर वरच्या मजल्यांवर पसरत असताना केवळ धैर्य पुरले नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. माझ्या मते आता प्रत्येक रुग्णालयात एक स्थायी आदेश हवा: झडप बंद करणे, काच फोडणे, वॉर्ड रिकामा करणे हे अधिकार कामावरील परिचारिकेचे, आणि सद्भावनेने ते वापरल्याबद्दल तिच्यावर विभागीय कारवाई नाही. कंत्राटी परिचारिकेलाही रुजू होताच, पहिल्या आठवड्यात, हे शिक्षण मिळावे.

खर्चाची सबब पुढे येईल. वास्तविक लागते ते फार थोडे: एक बाहुला, चार चादरी, एक जाणकार अग्निशामक. न मिळणारी गोष्ट वेगळीच आहे. तीस रुग्णांमागे एक परिचारिका असेल, तर तिला तासभर मोकळे करायला दुसरी कुठून आणायची? म्हणून तिला वर्गात न बोलावता तालीमच रात्री तिच्या वॉर्डात न्यावी, आणि तेवढा वेळ बदली परिचारिका देण्याची जबाबदारी अधीक्षकांच्या नावाने लिहून ठेवावी.